रस्त्यातच तं आहे!

लोणारच्या सरोवराकडे पाठ करून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे लोक त्या काठावर येतात, "बापरे!" म्हणतात, सरोवराचे फोटो काढतात, मग एकमेकांचे काढतात. हा गृहस्थ मात्र पाण्याकडे ढुंकूनही न बघता खाली उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी उकिडवा बसला. पिशवीतून मोजपट्टी काढून त्यानं पहिल्या पायरीची उंची मोजली, मग दुसरीची. खिशातल्या वहीत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि मान हलवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नापास."

"कोण?"

"लोणार," तो म्हणाला आणि वही खिशात घातली.

आकाशातून उल्का पडून झालेलं, जगभरातून लोक पाहायला येतात ते सरोवर एका मोजणी सहायकानं भर उन्हात नापास करून टाकलं होतं. वर "वरून पाहाले ठीक आहे, पण सावली नाही" असा शेराही मारला. या माणसाचं नाव तेजराव इंगळे. आमच्या ऑफिसचे भाऊ.

आम्ही दोघं पाण्याच्या खात्यातले. नळाचं पाणी नव्हे, जमिनीखालचं. जिल्ह्यात गावोगावच्या काही विहिरी आमच्या ठरलेल्या आहेत. वर्षातून चार वेळा जायचं, टोकाला वजन लावलेली पट्टी विहिरीत सोडायची, वजन पाण्याला टेकलं की 'टुप्प' असा आवाज येतो तो ऐकायचा, आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीवर जायचं. ऐकायला हे काम सोपं वाटतं. खरं सांगायचं तर करायलाही सोपंच आहे. फक्त विहिरी एकमेकींपासून फार लांब आहेत.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. सात वर्षांपूर्वी बदलून बुलडाण्याला आलो. इथं सातारा, सांगली, कऱ्हाड हे सगळं 'पुण्याकडचं' असतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी पुण्याकडचा साहेब झालो. वयानं मी भाऊंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं जरासा मोठा. ते मला साहेब म्हणत, मी त्यांना भाऊ म्हणे, आणि आमच्यात कोण कुणाचं ऐकतं याबद्दल ऑफिसात कुणालाही शंका नव्हती. जीप एकच, ती मोठ्या साहेबांना. आमचा दौरा भाऊंच्या मोटरसायकलवर. पुढे भाऊ, मागे मी, मध्ये पट्टीची पिशवी.

पहिल्याच दौऱ्यात पिंपळगाव राजाच्या एका विहिरीवर माझी शोभा झाली. नवा साहेब म्हणून मी मोठ्या ऐटीत पट्टी सोडली, कान देऊन टुप्प ऐकलं, "नऊ मीटर दहा!" असं ओरडलो आणि रजिस्टरात लिहूनही टाकलं.

"आन कठडा?" भाऊ म्हणाले.

"कठड्याचं काय?"

"कठडा वजा करा ना, साहेब! पाणी जमिनीच्या किती खाली आहे ते पाहाचं आपल्याले. तुमी कठड्यावरून मोजून राह्यले. कठड्यात पाणी असते का?"

शेजारी धुणं धूत बसलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चूक माझीच होती. पुस्तकात हे वाचलेलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते, पण पुस्तकातल्या विहिरीवर बायका धुणं धूत नसतात.

'कठडा वजा करा' हा भाऊंचा विहिरीपुरता मंत्र नव्हता. मोठ्या साहेबांचं पाऊण तास भाषण झालं की बाहेर येऊन भाऊ हळूच म्हणत, "कठडा वजा केला तं पाच मिनिटं." हॉटेलवाल्यानं "आत्ताच काढली, एकदम गरम" म्हणून कचोरी पुढे केली की तिला बोट लावून म्हणत, "कठडा वजा कर बे. सकाउनची आहे." एकदा मी कऱ्हाडच्या आमच्या उसाचं वर्णन करत होतो. जरा रंगात आलो असेन. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, गाडीचा वेग कमी केला आणि मागे वळून विचारलं, "साहेब, कठडा केवढा आहे यात?" त्यानंतर मी उसाचा विषय काढला नाही.

पण त्यांचा खरा छंद वेगळाच होता. कामाचा दौरा ठरला की त्याच्या अवतीभवती काय काय पाहून होईल याची आखणी करायची. दोन दिवस आधीपासून तयारी. मागून कापड चिकटवलेला जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरायचा. विहिरींवर लाल खुणा, धरणं-देवळं-जंगलांवर हिरव्या. एसटीचे कंडक्टर, दूधवाले, मेंढपाळ, भेटेल त्याच्याकडे चौकशी. 'सकाउन विहिरी, मंग जेवण, मंग निसर्ग' असा क्रम. कामात कसूर नाही हं, तेवढं सांगितलं पाहिजे. इतक्या वर्षांत एक विहीर चुकली नाही, एक आकडा अंदाजानं टाकला नाही. पण शेवटची विहीर झाली रे झाली की गाडी भलतीकडेच वळायची, आणि मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणायचे, "रस्त्यातच तं आहे!"

जगातली कुठलीही गोष्ट भाऊंच्या रस्त्यात होती. एकदा देऊळघाटची विहीर तेवढी उरली होती. देऊळघाट आम्हाला जवळ. अकराला परत, घरी जेवण आणि मग मस्त ताणून द्यायची, असा माझा बेत. विहीर झाली, गाडी बुलडाण्यात शिरली, बुलडाण्यातून तशीच बाहेर पडली आणि ज्ञानगंगेच्या जंगलाकडे निघाली.

"भाऊ, ऑफिस मागे राहिलं!"

"जंगल रस्त्यातच तं आहे, साहेब."

"कुठल्या रस्त्यात?"

"खामगावच्या."

"आपण खामगावला कुठं चाललोय?"

"नाही ना! म्हून तं जंगलातूनच वापस येऊ."

या बोलण्यात नेमकी चूक कुठं आहे ते मला अजूनही सापडलेलं नाही.

जंगलाच्या नाक्यावर भाऊंनी चौकीदाराला गाठलं. प्राणी कुठले, पक्षी कुठले, हे काही नाही. "गाडी कुठपर्यंत जाते? बाकडे आहेत का? बाकड्याले पाठ आहे का? संडास साधा आहे का कमोडचा?" चौकीदार बिचारा उत्तरं देत राहिला. शेवटी त्याला वाटलं, आपणच काहीतरी चांगलं सांगावं. म्हणाला, "भाऊ, नशीब असलं तं अस्वल दिसते."

"गाडीत बसूनच दिसते का खाली उतरा लागते?" भाऊंनी विचारलं.

"अस्वल पाहाले खाली उतरता का तुमी?" चौकीदार म्हणाला.

भाऊंनी तेही वहीत लिहून घेतलं.

मला निसर्गाचं वावडं नाही. निसर्ग मला आवडतो, पण पोटभर जेवल्यावर आणि सावलीत. भाऊंच्या नादी लागून मी उपाशीपोटी जेवढा निसर्ग पाहिला तेवढा कुणी पाहिला नसेल. वडनेर भोलजीच्या विहिरी करून येताना आम्ही नळगंगेच्या धरणावर गेलो. तिथं भाऊंनी मला एका बुटक्या दगडावर बसायला लावलं.

"बसा बरं, साहेब. पाय पुढं घ्या. आता पाणी दिसते का?"

"भिंत दिसते."

"मान उंच करा."

"भिंतच दिसते, भाऊ. आणि मला भूक लागलीय."

"नापास," भाऊ म्हणाले. एवढं मोठं धरण, भरलेलं, वर बगळे उडताहेत, आणि हा माणूस वहीत नापास लिहून गाडीला किक मारतोय. एका टेकडीवरच्या देवीला तर आम्ही खालूनच परतलो. मी म्हटलं, आलोच आहोत तर दर्शन घेऊ. भाऊंनी तिथल्या पुजाऱ्याला पायऱ्यांचा आकडा विचारला आणि खालूनच हात जोडून देवीला सांगितलं, "माय, तुह्याकडं येणं होत नाही. पायऱ्या कमी कर."

ऑफिसात सगळ्यांची खात्री होती की भाऊ निवृत्त झाल्यावर सहलींचा धंदा काढणार. मलाही तसंच वाटे. एकदा मी विचारलंच. भाऊ हसले. म्हणाले, "धंदा कायचा, साहेब? रिटायर व्हायच्या आत एक जागा पास कराची आहे. एकच."

"कशासाठी?"

"आहे काम."

आमच्या जुन्या कारकुनानं मला एकदा सांगितलं होतं, की हा माणूस पूर्वी असा नव्हता. "नाकासमोर जाणार, नाकासमोर येणार. लोणारच्या काठावरची विहीर मोजून तळं न पाहता वापस येणारा माणूस आहे हा." मी विश्वास ठेवला नाही. त्यातूनही कठडा वजा केला.

मग एकदा भाऊ तापानं आजारी पडले. चार दिवस ऑफिसला आले नाहीत. रजिस्टरावर त्यांची सही राहिली होती म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. तोवर मी कधी गेलोच नव्हतो, याची आता लाज वाटते. घर साधं, बैठं, रस्त्याच्या बरोबरीला. दारातच एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, शेजारी काठी.

"या, साहेब," त्या म्हणाल्या. "कऱ्हाडचे ना तुमी? लोकं उगंच पुण्याकडचे म्हणतात."

मी चाटच पडलो. या कमलवहिनी, भाऊंच्या घरच्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. मला भूक लागली की मी ओरडतो, मला गाडीवर डुलकी लागते, मला कचोरीबरोबर तळलेली मिरची चालत नाही.

"आन पिंपळगाव राजाले कठडा इसरले होते," त्या म्हणाल्या.

"तेही सांगितलं?"

"समदं सांगतात. रोज सांजच्याले इथी बसतात आन समदं सांगतात. कोणती विहीर, किती पाणी, कोण भेटलं. विहिरी मले पाठ झाल्या, साहेब. पाह्यली एक बी नाही." मग "मी ऐकते आन त्यातून कठडा वजा करते," असं म्हणून त्या हसल्या. हसणं तोंडाच्या एकाच बाजूनं आलं.

मी बुलडाण्याला यायच्या वर्षभर आधी त्यांना लकवा झाला होता. उजवा हात गेला. पाय ओढत, काठी टेकत सपाटीवर थोडं चालता येत होतं, पायरी मात्र एकही चढता येत नव्हती. त्यानंतर वर्षभरानं एका भाच्याचं लग्न होतं, कार्यालय वरच्या मजल्यावर. चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर नेलं.

"समदा मांडव नवरीले सोडून माह्याकडं पाहत होता," वहिनी म्हणाल्या आणि भाऊ झोपले होते त्या आतल्या खोलीकडे मान केली. "तवाच यायले सांगून टाकलं, आता मी कुठीच येत नाही. चार जणांनी मले उचलाचं ते एकदाच. शेवटी."

आतून भाऊंचा खोकला ऐकू आला. वहिनींनी आवाज खाली आणला.

"म्हून हे जागा पाहत फिरतात. मले कोणी हात लावाचं काम पडणार नाही अशी जागा. पहिले मी म्हणाची, अवो, तुमी लोणारले जाता तं मलेबी घेऊन चला एखांद्या खेपेले. तं हे म्हणाचे, ते काही रस्त्यात नाही. आता समदंच रस्त्यात आहे आन मी खुर्चीत आहे."

हे त्यांनी रडून नाही सांगितलं. चहाला साखर किती घेता विचारावं तसं सांगितलं. मी मात्र घरी जाताना स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. नळगंगेवरचा तो बुटका दगड आठवला. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना काय दिसेल ते भाऊ माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि मी भूक भूक करत होतो.

त्या दिवसापासून मी अगदी बदलून गेलो, असं काही नाही. भूक लागली की ओरडायचोच. पण पायऱ्या मीही मोजायला लागलो. भाऊ एका बाजूनं मोजायचे, मी दुसऱ्या. बाकड्यांवर बसून बघायचो. एका नव्या बागेतला कमोड तपासताना पहारेकऱ्यानं मला हटकलंसुद्धा. भाऊंना मी काही बोललो नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. फक्त एकदा मी आपणहून "भाऊ, सिंदखेडराजा रस्त्यातच आहे" म्हणालो, तेव्हा त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी त्या बाजूला घेतली.

वर्षं गेली. वही भरली, दुसरी झाली. नापास, नापास, पाहू, नापास. आणि भाऊंच्या नोकरीचा शेवटचा महिना आला तो जानेवारीचा.

त्या महिन्यात जागा सापडली. देऊळघाटच्या पुढं, आडबाजूला एक लहानसा पाझर तलाव आहे. नाव विचाराल तर गावचे लोकही 'तळं'च म्हणतात. गाडी थेट पाळीवर जाते. एक पायरी नाही. गाडीत बसल्या बसल्या पाणी दिसतं, पाण्यावर बदकं दिसतात, लिंबाची सावली आहे, आणि पाच मिनिटांवर एका शेतकऱ्यानं नव्या घरात कमोड बसवला आहे, त्याच्या बायकोनं केव्हाही या म्हणून सांगितलं. भाऊंनी वहीत 'पास' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग वही मिटून तिथंच बसले. इतक्या वर्षांत त्यांना कुठल्याही जागेकडे नुसतं बघत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी भुकेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आणि गंमत म्हणजे ही जागा खरोखरच रस्त्यात होती. देऊळघाटची विहीर त्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

दोन दिवसांनी भाऊ ऑफिसात आले ते तोंड पाडून. "येत नाही म्हणते."

"अहो, पण जागा पास झालीय!"

"जागा झाली. कमल नाही झाली."

मी तडक त्यांच्या घरी गेलो. गेल्याच वर्षी मी एक जुनी गाडी घेतली होती, चार चाकांची, तिचं आमिष दाखवलं. पुढची सीट मागे जाते, दार मोठं आहे, कुणी हात लावणार नाही, खाली उतरायचीही गरज नाही. माझ्याच गाडीचं मी एवढं कौतुक केलं की मध्येच मला उसाची आठवण झाली. वहिनींनी ऐकून घेतलं.

"साहेब, तळं पाहून मी काय करू?" त्या म्हणाल्या. "तळं पाहाची हौस यायले आहे. यायच्या हौसेपायी मी लोकाईसमोर तमाशा काऊन करू?"

भाऊ खाली मान घालून बसले होते. सात वर्षं ज्यासाठी जिल्हा पालथा घातला ते सगळं त्या एका 'काऊन'पाशी येऊन अडलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उभाच राहिलो. चपला घालत होतो, तेवढ्यात वहिनींनी मागून विचारलं, "देऊळघाट रस्त्यात लागते का?"

"लागतं," मी म्हणालो.

"ते चिंचेखालची विहीर?"

"तिथंच आधी थांबायचंय. आकडा घ्यायचाय."

"मंग येते," त्या म्हणाल्या.

का येते, हे आम्ही विचारलं नाही. येते म्हणाल्या, बस झालं.

शेवटच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून तयार. थर्मासमध्ये चहा, एक उशी, छत्री, गोळ्यांची पिशवी, आणि कागदावर वेळापत्रक. निघणे तीन. विहीर साडेतीन. तळं चार. बदकं सव्वाचार. बदकांनाही त्यांनी वेळ दिलेली होती. वहिनी काठी टेकत गाडीपर्यंत आल्या, पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या, डाव्या हातानं उजवा पाय उचलून आत घेतला. भाऊ दोन्ही हात पुढे करून उभे होते, पण बोटसुद्धा लावलं नाही.

देऊळघाटची विहीर सलीमचाचांच्या शेतात आहे. चाचा भाऊंचे जुने स्नेही. हरभरा गुडघ्यापर्यंत आला होता. मी गाडी धुऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या बांधाच्या, वाटेनं चिंचेपर्यंत नेली. भाऊ पट्टीची पिशवी घेऊन उतरले आणि खिडकीतून म्हणाले, "कमल, तू बस. पाच मिनिटात येतो. तळं पुढं आहे."

वहिनी समोर बघत होत्या. "हेच ना ते? कोपऱ्याचा दगड निघालेला?"

"हो, हेच."

"चाचानं जांब देल्ले होते ते झाड कोणतं?"

"ते काय, तिकडलं," भाऊंनी पेरूच्या झाडाकडे बोट केलं.

"दार उघडा. उतरते मी."

"अवं, तळं पुढं आहे! चांगलं पाणी आहे तठी, बदकं आहेत. इथी काय आहे? विहीर आहे नुसती."

"मले विहीरच पाहाची आहे," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं झाले, विहिरी मोजून राह्यलो म्हणता. मले एक दाखवली का? सगळा जिल्हा मोजला माह्यासाठी, आन मले काय पाहाचं आहे ते इचारलं का एकदा?"

भाऊंनी दार उघडलं.

गाडीपासून विहिरीपर्यंतची वाट सपाट होती, बैलांच्या पायांनी चोपलेली. वहिनी चालायला लागल्या. काठी, डावा पाय, मग ओढत उजवा. भाऊ त्यांच्या मागून, दोन्ही हात पसरून, हात न लावता. सलीमचाचा मदतीला धावले, "आव भाभी, आव, मैं पकडतो," तर भाऊ एवढ्यानं ओरडले, "चाचा, हात नका लावू!" की झाडावरचे पोपट उडाले. चाचा जागच्या जागी थांबले. मग त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी सुनेला हाक मारून घरातली खुर्ची आणवली, कठड्याला लागून मांडली, आणि पाणी हलू नये म्हणून मोटार बंद करून ते बाजूला झाले.

वहिनी वाटेत तीनदा थांबल्या. बसल्यावर आधी त्यांनी डावा हात कठड्यावर ठेवला, आणि वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी पट्टी दिली. डाव्या हातानं त्या ती हळूहळू सोडू लागल्या. भाऊ सवयीनं "सावकाश, सावकाश" म्हणायला गेले, तर त्यांनाच दटावलं, "बोलू नका, आवाज आयकू येत नाही." आम्ही तिघंही पुरुष श्वास रोखून उभे. हरभऱ्यात कुठंतरी किडा किरकिरत होता.

टुप्प.

"टेकलं!" वहिनी ओरडल्या. "टेकलं हो! पाण्याले टेकलं!" आणि त्या हसल्या. मोठ्यानं, अगदी लहान मुलीसारखं हसल्या. मग लगेच गंभीर होऊन पट्टीवर बोट ठेवलं, डोळे बारीक केले आणि वाचलं, "सात मीटर चाळीस."

मी रजिस्टर उघडलं. पिंपळगाव राजापासून दौऱ्यावर आकडा भाऊंनीच लिहायचा हा आमचा रिवाज, म्हणून पेन त्यांच्यापुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. ते विहिरीकडे पाठ करून उभे राहिले होते, हरभऱ्याकडे तोंड करून. इस्त्रीच्या शर्टाची पाठ हलत होती.

"अवो, तिकडं काय पाहून राह्यले?" वहिनी म्हणाल्या. "कठडा किती?"

"सत्तर," भाऊ न वळताच म्हणाले.

"मंग सहा सत्तर. लिहा, साहेब. आन तुमी पुन्हा इसरू नका बरं कठडा. हे नाहीत आता तुमच्यासंगं."

मी सहा सत्तर लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. अजूनही रजिस्टरात तसंच आहे.

सलीमचाचांच्या सुनेनं चहा आणला, जांब आणले. भाऊंचा थर्मास गाडीतच राहिला. वहिनींना शेत बघायचं होतं, म्हैस बघायची होती, मोटार चालू केल्यावर पाणी कुठून पडतं ते बघायचं होतं. साडेपाच कधी वाजले ते कळलंसुद्धा नाही. त्या तशाच चालत गाडीपर्यंत आल्या, या वेळी दोनदाच थांबल्या.

मी गाडी सुरू केली. मागच्या सीटवरून भाऊ कसनुसं म्हणाले, "तळं?"

"पुढच्या खेपेले," वहिनी म्हणाल्या. "पळून जाते का ते? रस्त्यातच तं आहे."

मी गाडी बुलडाण्याकडे वळवली. वेळापत्रकाचा कागद भाऊंच्या हातात तसाच होता. गाव मागे पडल्यावर वहिनींनी मान न वळवता विचारलं, "काहो, पायऱ्या किती होत्या विहिरीले?"

भाऊ दचकले. खिशावर हात गेला, वही चाचपली.

"तठी नाही मोजल्या," ते म्हणाले. "कधीच नाही मोजल्या."

"नव्हत्याच," वहिनी म्हणाल्या आणि डाव्या हातानं खिडकीची काच आणखी खाली केली.